त्यात काय सांगण्यासारखं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

सकाळपासून आपण पोटगीचे अर्ज, संरक्षण अधिकाऱ्यांच्या भेटी, कोर्टाच्या तारखा यांवर बोलतो आहोत. जेवणानंतरच्या या सत्रात मला घरातल्या लहानसहान आठवणींवर बोलायला सांगितलं. मी आधी नको म्हटलं होतं. वाटलं, इथे बाया चाळीस-चाळीस किलोमीटरवरून एस.टी.ने आल्यात, घरी लेकरं ठेवून आल्यात, त्यांच्यापुढे आपल्या लहानपणीच्या गोष्टी काय सांगायच्या? मग लक्षात आलं, हेच वाक्य मी गेली बारा वर्षं वस्त्यांमधून, गावांमधून बायांच्या तोंडून ऐकते आहे. "ताई, त्यात काय सांगण्यासारखं?" म्हणून आज तिथूनच सुरुवात करते.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हाला केस लिहायला शिकवलं. वय, शिक्षण, लग्नाचं वर्ष, मुलं किती, उत्पन्न किती, तक्रारीचं स्वरूप काय. तो नमुना उपयोगाचा आहे, मी आजही वापरते. पण घरात शेवटी कोण जेवतं, साय कुणाच्या वाटीत पडते, आजारी पडल्यावर कुणाला दवाखाना आणि कुणाला काढा, यासाठी त्यात रकाना नव्हता. बाई बोलायला लागली की नेमकं हेच सांगायची आणि मी मनात म्हणायची, ही मुद्द्यावर कधी येणार?

काही वर्षांपूर्वी एका गावात बचत गटाच्या बैठकीत मी सहज म्हटलं, आज हिशेब लवकर संपलाय, तर प्रत्येकीनं माहेरची एक आठवण सांगा. मोठी नको, लहानशीच. आधी हसण्यावारी नेलं. मग एक जण म्हणाली, आमच्याकडे दोन कोंबड्या होत्या. अंडी विकायची असायची, एखादं राहिलं तर भावाला. मी एकदा चुलीपुढून उकडलेलं अंडं उचललं आणि गोठ्यात जाऊन टरफलासकट खाल्लं. टरफल सापडलं तर मार बसेल म्हणून. बाया खूप हसल्या. तीही हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "आता घरात ट्रे भरून अंडी असत्यात, पन मला अजून पोरांच्या आदी खाववत न्हाई."

दुसरी म्हणाली, आमच्याकडे सातबाराच नाही, तर वाटणी कसली? माझी आठवण हंड्याची आहे. गावच्या आडावर आमच्या माणसांना पोहरा टाकायची मुभा नव्हती. आई हंडा ठेवून बाजूला बसायची, कुणाला दया आली तर ते वरून पाणी ओतायचे. माझा हात चुकून आडाच्या काठाला लागला तर आईनंच मला मारलं. "आईनं मारलेलं माझ्या ध्यानात ऱ्हायलं. तिला तसं का करावं लागलं ते लई उशिरा कळलं." त्या बैठकीत आडावरून पाणी भरणाऱ्या घरांतल्या बायाही होत्या. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांतली एक जण म्हणाली, वरून पाणी ओतणारी माझी आजी असेल. आमच्या घरात ती दयाळू म्हणून नावाजलेली होती.

एकच आड, पण दोन घरांत त्याच्या दोन आठवणी होत्या. हे मला तोवर कुठल्याही प्रशिक्षणात इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

आपल्याकडे बायांनी अशा आठवणी लिहून ठेवल्यात म्हणूनच आपल्याला तो काळ कळतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त त्यांच्या वडिलांचं कडक सोवळं येतं आणि त्यापायी घरातल्या माणसांचे झालेले हाल येतात. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे पुस्तक १९१० सालचं. बाई शिकते म्हणून घरातल्याच बायका तिला कसं बोलतात, ते त्यात वाचायला मिळतं. आपल्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपानं आलं. त्या आधी कित्येक वर्षं त्यांनी ते लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी जात्यावर गायलं. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखभराहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांतून भाऊ सारखा भेटतो. भावाची वाट पाहणं, त्यानं आणलेली चोळी, भावजयीनं केलेलं स्वागत, कधी न केलेलं. बहीण सगळं गाते. हा भाऊ आणि ही चोळी जरा लक्षात ठेवा, मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

आता माझ्या घरातलं सांगते.

माझ्या लहानपणाची सगळ्यात आनंदाची आठवण कुठली, असं मला कुणी विचारलं असतं तर तिशी उलटेपर्यंत मी एकच सांगितलं असतं. १९९६ चा उन्हाळा. मी आठ वर्षांची. तिसरीची परीक्षा संपली होती. आई मला घेऊन मामाकडे गेली होती. एके दिवशी सकाळी मामा, आजी, आई, मावशी आणि मी असे सगळे एस.टी.ने तालुक्याच्या गावी गेलो. मामानं मला खिडकीजवळ बसवलं. गावात एका कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली आम्ही बराच वेळ थांबलो. मोठी माणसं आत-बाहेर करत होती. मग दुपारी मामा सगळ्यांना रसवंतीत घेऊन गेला. चरकाला घुंगरं बांधलेली होती. बैल नव्हता, मोटरवर चालायचा, पण घुंगरं होती. मला एक मोठा ग्लास मिळाला. तो संपला तसा आईनं आपलाही माझ्याकडे सरकवला. दोन ग्लास! वर्गात मी महिनाभर सांगत होते. त्यानंतर मामानं आईला आणि मावशीला दुकानात नेऊन एकेक साडी घेतली. आईची हिरवी होती, मावशीची जांभळी.

आजही रसवंतीची घुंगरं ऐकली की मला आधी आनंदच होतो. ते माझ्या हातात नाही.

तो दिवस हक्कसोडपत्राचा होता. आजोबा आदल्या दिवाळीत गेले होते. तलाठ्याकडे वारस नोंद झाली, त्यात आजी, मामा, आई, मावशी अशी चार नावं लागली. आणि उन्हाळ्यात दोघी बहिणींनी आपला हक्क भावाच्या नावे सोडून दिला. आणखी एक गोष्ट मला उशिरा आठवली. कचेरीत जाण्याआधी दोन रात्री आई माझ्या शाळेच्या वहीत सही गिरवत होती. ती चौथी शिकलेली, पण लिहिण्याची सवय गेलेली. माहेरच्या माणसांपुढे अंगठा द्यायची तिला लाज वाटत होती. जोडाक्षर चुकत होतं, ते मी तिला शिकवलं. मला फार अभिमान वाटला होता. मोठ्या माणसाला मी शिकवलेलं ते पहिलं अक्षर. पुढे साक्षरतेवर, बायांच्या सह्यांवर मी किती बोलले असेन! पण माझी पहिली विद्यार्थिनी आपला हक्क सोडून देण्यासाठी सही शिकत होती.

किती हक्क होता तो? मी नंतर हिशेब मांडला. आजोबांची वडिलोपार्जित जमीन सहा एकर, जिरायत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं सहहिस्सेदार नव्हती. आधी आजोबा, आजी आणि मामा असे तीन वाटे कल्पायचे आणि आजोबांचा जो तिसरा हिस्सा त्याचे चौघांत भाग करायचे. म्हणजे आईचा बारावा हिस्सा, वीस गुंठे. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त करून मुलींना जन्मानं हक्क दिला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना वगळलं. आईचं लग्न १९८४ चं. २००५ मध्ये केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबरपासून ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत की नको, हा वाद पुढे चालला. तो सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला. हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्मानंच आहे. या बरोबरीच्या हिशेबानं आईचा वाटा चौथा, म्हणजे दीड एकर झाला असता. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पुरे झालेले व्यवहार नवा कायदा उलटवत नाही. आईचं हक्कसोडपत्र नोंदलेलं होतं. विषय संपला.

आता तुमच्या मनात मामाचं एक चित्र उभं राहिलं असेल. ते चुकीचं आहे. माझा मामा वाईट माणूस नाही. दर दिवाळीला तो फराळाचा डबा घेऊन यायचा. वडिलांना कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात अकरा रात्री तोच बसला होता. माझ्या बारावीनंतरच्या प्रवेशाचे पैसे त्यानं शेळ्या विकून दिले. तुमच्यापुढे मी आज उभी आहे, त्यात मामाचा वाटा आहे. मग मला प्रश्न पडतो. ते पैसे मामाचे होते की आईच्या वीस गुंठ्यांचे? आईला ते भावाकडून मदत म्हणून घ्यावे लागले. स्वतःचे म्हणून घेता आले असते तर ती एवढी वाकली नसती. मदत करणारा भाऊ आणि हक्क घेणारा भाऊ एकच माणूस असतो. म्हणून बहिणीला भांडता येत नाही.

आपण कार्यकर्त्या इथे चुकतो. बाईनं सही केली की आपण म्हणतो, जाणीव नाही. आईला जाणीव होती. तिचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का होता. नवऱ्याशी बिनसलं, नवरा गेला, तर परत जायला माहेरचं एकच दार होतं. त्या वेळच्या कायद्यात कलम २३ होतं. राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नव्हती, भाऊ वेगळे होईपर्यंत थांबायचं. तिथे राहण्याचा हक्कसुद्धा फक्त अविवाहित, टाकलेल्या, नवऱ्यापासून विभक्त किंवा विधवा मुलीला. २००५ मध्ये ते कलम गेलं. म्हणजे आईनं वीस गुंठे देऊन ते दार उघडं ठेवलं. वर्षातून एकदा चार दिवस भावजयीच्या हातचं आयतं जेवायला मिळावं, एवढी त्याची किंमत. ते चार दिवस तिच्यासाठी काय होते, हे घरात रोज शेवटी जेवणारी बाईच सांगू शकेल. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. जे पुरुष अशी कामं करतात त्यांची मिनिटं ९७. आईला आकडे माहीत नव्हते, पाठीला माहीत होते.

आमच्या गटातली एक मुस्लिम मैत्रीण म्हणाली, आमच्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा सांगितलाय, स्पष्ट सांगितलाय. पण तो निम्मासुद्धा बहीण माफ करते, कारण ईदला माहेरी जायचं असतं. कायदे वेगळे असले तरी रसवंती एकच आहे.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगते. २०१९ मध्ये माझे वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि दादानं कागद आणला. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला सायकल त्यानंच शिकवली. "नुसती औपचारिकता आहे, सोसायटीचं कर्ज काढायला सोपं जाईल," म्हणाला. आणि मी, जी गावोगाव २००५ चा कायदा समजावून सांगते, जिच्या पिशवीत त्याची पत्रकं असतात, ती मी म्हणाले, "ठीक आहे दादा, कधी यायचं सांग." मैत्रिणींनो, मला दुसरं काही सुचलंच नाही. मला दिसत होतं भाऊबीजेचं ताट. मला दिसत होतं की आईला याच घरात राहायचं आहे. मी नोकरी करते, मला काय कमी आहे, असंही मनात आलं. बाया जे जे बोलतात ते सगळं माझ्या मनात आलं, त्याच क्रमानं.

रात्री आई आणि मी ओट्यावर बसलो होतो. मी विषय हलका करायचा म्हणून म्हटलं, "आई, तालुक्याला गेलो की त्या रसवंतीत जाऊ. तुला आठवतंय का, मला दोन ग्लास मिळाले होते?"

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यातला एक माझाच व्हता. मला घशाखाली उतरंना, म्हून तुला दिला."

मी चोवीस वर्षं तो रस गोड म्हणून सांगत आले होते. आई म्हणाली, कचेरीत तिला कुणी काही वाचून दाखवलं नाही. सही केली, वर अंगठाही घेतला. साहेबानं विचारलं, राजीखुशीनं करताय ना? तिनं मान हलवली. "मान न हलवून सांगू कुणाला? भाऊ शेजारीच हुबा व्हता. आन् त्यो काय वाईट नव्हता." मी विचारलं, ती हिरवी साडी कुठंय? तर तिच्या गोधडीत होती, जी मी शिकायला वसतिगृहात जाताना तिनं मला दिली. ती गोधडी मी पाच वर्षं पांघरली होती.

आणि मग आई म्हणाली, "तू सही करू नको."

दुसऱ्या दिवशी मी दादाला सांगितलं, मी आत्ता सही करणार नाही. जमीन तूच कस, मला वाटणी मागायची नाही, पण आईचं आणि माझं नाव सातबाऱ्यावर राहू दे. हे सांगताना माझा आवाज कापत होता. तो रागावला नाही. रागावला असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही." आणि उठून गेला. त्या वर्षी भाऊबीजेला त्याचा फोन आला नाही. मी ताट करून बसले होते. त्या संध्याकाळी मला कायदा काही उपयोगाचा वाटला नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

आज परिस्थिती अशी आहे. सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. दादा बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. मागच्या वर्षी भाऊबीजेला आला, जेवला, लवकर निघाला. वहिनी सुरुवातीला माझ्याशी तुटक वागायची. मग एकदा आईला डॉक्टरकडे दाखवायला आली असताना एकटीला गाठून म्हणाली, "ताई, माझे वडील थकलेत. माझ्या माहेरच्या जमिनीचं काय असतं, ते जरा सांगाल का? ह्यांना सांगू नका." मी हसले, तीही हसली. पत्रक मी तिला तिथेच दिलं.

मी जिंकले असं सांगायला इथे आले नाही. आई माझ्या मागे उभी राहिली म्हणून मला जमलं. नाहीतर मी सही करून आले असते आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या गावात कायद्यावर बोलले असते. आई उभी राहिली ती त्या रसाच्या ग्लासामुळे. चोवीस वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तिच्याही मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून माझं मागणं लहान आहे. उद्या गावी गेल्यावर बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की अर्धा तास ठेवा. प्रत्येकीला घरातली एक आठवण विचारा, खाण्याची, पाण्याची, झोपण्याच्या जागेची, साडीची. ती सांगत असताना मुद्द्यावर ये म्हणू नका. त्याच प्रसंगाबद्दल घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारायला सांगा, आईला, बहिणीला, भावजयीला. आणि लिहून ठेवा, तिच्याच शब्दांत.

दुसरं, कुठल्याही बाईला कचेरीत सहीला जायचं असेल तर तिच्यासोबत एक जण जा. कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लावा. हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक, जबरदस्ती सिद्ध करावी लागते, आणि भावाविरुद्ध ते करायला कोण जाणार? तिला सांगा, आज नको, विचार करून सांगते, एवढं म्हणता येतं. सही न करणं म्हणजे भांडण नव्हे, वाटणी मागणंही नव्हे. नाव नुसतं राहू देता येतं. आणि हे सगळं समजून-उमजून तिला सही करायचीच असेल, तर तिला करू द्या. तिच्या दाराची काळजी आपण घेणार नसू, तर तिच्या सहीला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. परत येणाऱ्या बाईसाठी भावाच्या घराखेरीज दुसरं दार असलं पाहिजे. त्यासाठीच तर आपण संघटना बांधतो आहोत.

आता मी थांबते. चहा यायला अजून वीस मिनिटं आहेत. मागच्या रांगेतल्या मावशी मघापासून काहीतरी म्हणू पाहताहेत आणि दोनदा हात खाली घेतलाय त्यांनी. मावशी, पुढे या. माईक नको असला तर तसंच बोला.